झारला लेनिनने हटवले नाही

रशियन क्रांतीवरील लेखात 'लेनिनने झारची (रशियाच्या सम्राटाची) सत्ता उलथवली' असे वाक्य आहे, ते चुकीचे आहे. झार निकोलस दुसरा याने १५ मार्च १९१७ ला गादी सोडली, तेव्हा लेनिन झुरिकमध्ये होता. लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने नोव्हेंबरमध्ये पाडले ते झारनंतर आलेले हंगामी सरकार. (रशियातल्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाची तारीख हवी तर यातून १३ दिवस वजा करा, म्हणून 'फेब्रुवारी' आणि 'ऑक्टोबर' क्रांती.) त्यानंतरच्या संविधान सभेच्या (देशाची घटना ठरवणाऱ्या सभेच्या) निवडणुकीत बोल्शेविकांना जेमतेम चौथा हिस्सा मते पडली, सभा जानेवारी १९१८ मध्ये भरली आणि एका बैठकीतच गुंडाळली गेली.

धान्याचा मुद्दा मात्र लेखात निसटलाच आहे. गावागावांवर कोटा लावून ठरलेल्या भावाने धान्य घेण्याची पद्धत १९१६ च्या अखेरीस झारच्याच सरकारने सुरू केली. हंगामी सरकारने धान्यावर सरकारी मक्तेदारी आणली. बोल्शेविकांनी जानेवारी १९१९ पासून तोच कोटा बंदुकीच्या धाकाने वसूल केला. मोबदल्यात मिळणाऱ्या नोटांना किंमत नव्हती, कारखान्यांत खिळे-कापड तयार होत नव्हते. मग शेतकरी जास्तीचे पेरेल कशाला? त्याने पेरा घटवला, उरलेले धान्य लपवले. त्यात १९२१ चा दुष्काळ आला तेव्हा व्होल्गा नदीकाठी बियाणेसुद्धा शिल्लक नव्हते. क्रोनश्टाट या नौदल तळावरच्या खलाशांचे बंड चालू असतानाच, मार्च १९२१ मध्ये, लेनिनने कोटा रद्द करून धान्यरूपी कर आणला. कर भरून उरलेले धान्य विकायची मुभा दिली.