‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

दाजींनी घरच्या ग्रुपवर दासबोध टाकला तेव्हा त्यांची सकाळ होती आणि माझी रात्र. मी कॉस्टकोतून आणलेलं सामान फ्रीजमध्ये कोंबत होतो. मूर्खलक्षणांतली ‘आपली आपण करी स्तुती’ ही ओवी, आणि खाली दाजींचं भाष्य: ‘समर्थांनी ज्याला मूर्ख म्हटलं, त्याला आता अमेरिकन कंपन्या नोकरी देतात.’

झालं होतं असं. माझा भाचा सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पॉइंटर नऊच्या वर. एका अमेरिकन कंपनीच्या पुण्यातल्या खराडीच्या ऑफिससाठी कॅम्पस ड्राइव्ह होता. ॲप्टिट्यूड निघाली, कोडिंगचे दोन्ही राउंड निघाले, आणि शेवटच्या राउंडला एका बाईंनी पाऊण तास नुसतं ‘असा एखादा प्रसंग सांग’ एवढंच लावून धरलं. कुणाशी मतभेद झाला तो प्रसंग सांग. तुझं चुकलं तो सांग. काम वेळेत झालं नाही तो सांग. पोरगं घरी आलं ते गप्पच. यादीत नाव नव्हतं. ग्रुपवर दोन दिवस धुरळा उडाला आणि शेवटी सगळ्यांचं ठरलं की हा थापा आणि वशिल्यावर नोकरी मिळवायचा प्रकार आहे, काम येणाऱ्याला बाहेर ठेवायचा.

दाजी हायस्कुलात मराठी शिकवतात. त्यांच्याशी ओवीवरून वाद घालू नये, पण मी घातला. म्हटलं, त्याच ओवीत पुढे ‘सांगे वडिलांची कीर्ती’ असंही आहे की. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर तुमच्याकडची पोरं काय सांगतात? माय फादर इज अ टीचर, माय मदर इज अ हाउसवाइफ. आधी वडील, मग आई, मग क्रिकेट आणि गाणी ऐकणे.

दाजींचं उत्तर एका शब्दाचं होतं. ‘तुमच्याकडची?’

त्या शब्दाकडे नंतर येतो. आधी माझं म्हणणं.

मी इथे अमेरिकेत, सिॲटलजवळ रेडमंडला बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसतोय, मुलाखती घेणाऱ्यांत. हे प्रश्न गप्पांसाठी नसतात. सगळ्यांना तेच प्रश्न, उत्तरं मोजायची पट्टी आधीच ठरलेली, आणि प्रत्येकाने आपापली टिपणं लिहून मगच चर्चेला बसायचं. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून दाखवलं होतं की अशी बांधीव मुलाखत उमेदवाराच्या पुढच्या कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बराच चांगला देते. २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ते आकडे पुन्हा तपासून खाली आणले, तरी बांधीव मुलाखत यादीत सगळ्यात वर राहिली. म्हणजे ओळखीपाळखीला आणि साहेबाच्या मर्जीला चाप लावणारी जी गोष्ट, तिलाच आपल्या घरात वशिला म्हणतात. वशिला म्हणजे काय हे मी सांगलीत राहूनच शिकलो, सिॲटलला येऊन नाही.

तयारीही काही गूढ नाही. पाच-सहा खरे प्रसंग निवडायचे. परिस्थिती दोन वाक्यांत, आपल्यावर काय जबाबदारी होती ते एका वाक्यात, मग आपण काय केलं ते सावकाश, आणि शेवटी काय झालं ते आकड्यासकट. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘स्टार’ म्हणतात. अडचण आपल्या पोरांकडे प्रसंग नसण्याची नाही. कॉलेजच्या टीपीओ (प्लेसमेंट) ऑफिसकडून पीडीएफ मिळते आणि तिच्यातलं ‘माय वीकनेस इज आय ॲम अ परफेक्शनिस्ट’ सगळा वर्ग पाठ करतो. ‘बरं, मग त्या दिवशी तू नेमकं काय केलंस?’ हा तिसरा उपप्रश्न आला की पाठांतर संपतं.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली होती, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची. पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड होती. वीज कडाडल्यावर तिने सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं, एक बाप वाद घालायला लागला, मग तिने काय केलं. सहा मिनिटं. कोडिंग बेताचंच होतं, पण मी पुढे पाठवली. हे मी ग्रुपवर कौतुकाने लिहिलं. तुमच्याकडे बारावीच्या पोराला ताटसुद्धा उचलू देत नाहीत, असंही लिहिलं. दाजी म्हणाले, तिकडची पोरं हॉटेलात भांडी घासतात ते संस्कार, इथं घासली तर गरिबी, आणि गरिबीची गोष्ट तुमच्या पट्टीवर मोजतात का?

याला माझ्याकडे उत्तर होतं असं नाही. मी विषय बदलला.

ॲमेझॉनची सोळा तत्त्वं जगजाहीर आहेत (२०२१ पर्यंत चौदा होती) आणि मुलाखतीची तयारी करणारी पोरं ती मनाच्या श्लोकांसारखी घोकतात. त्यातलं एक असं की पटलं नाही तर कणा ताठ ठेवून तसं सांगा, पण एकदा निर्णय झाला की मनापासून कामाला लागा. छान आहे. पण ज्या पोराचं टर्म वर्क गाइडच्या सहीवर अडलेलं, जर्नल सर्टिफाय व्हायला तीन चकरा, त्याने ‘सरांशी मतभेद झाला’ हा प्रसंग आणायचा कुठून? हे मला पूर्ण कळतं. तरी ग्रुपवर मी हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर दाजी जिंकले असते.

शेवटी अक्काने फोन केला आणि म्हणाली, भांडत बसण्यापेक्षा त्याची तयारी घे. शनिवारी रात्री साडेनऊला मी लॅपटॉप उघडला. तिकडे रविवारचे दहा. मागे कुकरची शिट्टी, आणि दाजी पेपर वाचत असल्याचं दाखवत बसलेले.

म्हटलं, प्रोजेक्टमध्ये खटका उडाल्याचा प्रसंग सांग. चौघांचा ग्रुप, त्यातला एक महिनाभर फिरकलाच नाही. भाचा बोलायला लागला: वुई डिव्हायडेड हिज वर्क, वुई टॉक्ड टू सर, वुई... मी थांबवलं. हे तर मी सगळ्यांना सांगतो, तोंडात बसलंय माझ्या. वुई म्हणजे कोण? आय म्हण. तू काय केलंस?

‘मामा, तिघांनी केलं.’

‘तुझा भाग सांग.’

‘आणि तो आला नाही कारण त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. ते सांगू का?’

‘ते नको, लांबतं.’

‘मग तो कामचोर वाटंल की.’

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. दाजी काही बोलले नाहीत, हे मात्र त्यांचं मोठेपण.

इथे मला माझं उत्तर आठवलं, ज्यावर मी आजवर तीन नोकऱ्या मिळवल्या. २००७ सालचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, गावच्या दूध डेअरीसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर. दहा दिवसांचं बिल निघालं आणि उत्पादकांना पैसे कमी आले. मुलाखतीत मी सांगतो: मी पहाटे डेअरीत जाऊन बसलो, मी हाताने लिहिलेल्या नोंदी सॉफ्टवेअरशी ताडून पाहिल्या, मला कळलं की फॅटचा दशांश कापला जातोय, मी ते दुरुस्त केलं, २१२ उत्पादकांचा फरक पुढच्या बिलात दिला. लोकांना फार आवडतं. ग्राहकाची काळजी वगैरे.

पहाटे गेला होता माझा पार्टनर. त्याच्या घरची दोन म्हशींची धार त्याच डेअरीला जायची. त्याची आई म्हणाली, बिल कमी आलंय रे. तिच्या दुधाच्या कार्डावर रोजचा फॅट पेनाने लिहिलेला होता, सहा पूर्णांक चार, सहा पूर्णांक सात, आणि आमच्या स्क्रीनवर नुसता सहा. ते कार्ड घेऊन तो सेक्रेटरीशेजारी बसला. मी खोलीवर झोपलो होतो. रिपोर्ट मात्र मी लिहिला, पीपीटी मी केली, बोललोही मीच. मराठीत सांगताना आजही माझ्या तोंडून ‘आम्ही’ येतं आणि ते खोटं नाही. इंग्रजीत ‘आय’ म्हणायला मला इथे शिकवलं, आणि मी ते इतकं चांगलं शिकलो की एकदा बायकोला मराठीत तीच गोष्ट सांगताना ‘मी पहाटे गेलो’ असं बोलून गेलो. तिने विचारलंही, तू आणि पहाटे?

तो पार्टनर आता इचलकरंजीत असतो. दिवाळीला फटाक्यांचा व्हिडिओ पाठवतो, मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो.

आणि दाजींचा तो शब्द. ऑफिसात मी ‘वुई’ म्हणतो तेव्हा ते आम्ही अमेरिकेतले. मंडळाच्या गणपतीत ‘आपल्याकडे’ म्हणजे सांगली. सांगलीच्या ग्रुपवर ‘तुमच्याकडे’ म्हणजेही सांगलीच. मला वाटायचं, हे कुणाच्या लक्षात येत नसेल.

भाच्याचा दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह येत्या गुरुवारी आहे. त्याने उत्तर पुन्हा लिहून पाठवलंय. ‘आय’ तीनदा आलाय, बाकी सगळं ‘वुई’, आणि वडिलांच्या ऑपरेशनचं वाक्य तसंच ठेवलंय. खाली लिहिलंय: मामा, तुमचं एखादं उत्तर नमुना म्हणून पाठवा ना.

फाइल आहे माझ्याकडे. तीन दिवस झाले, अजून पाठवलेली नाही.