भट्ट्या विझवून बिल्बाओ वर आलं नाही

रविवारी रात्री बहिणीने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे वाच आणि काय ते सांग. पोराचा ऑप्शन फॉर्म अजून भरायचा आहे." पोरगा म्हणजे माझा भाचा. दहावीनंतर डिप्लोमाला मेकॅनिकल घ्यायचं हे त्याने स्वतःहून ठरवलं होतं, आणि हा मेसेज वाचल्यापासून त्याचं मन फिरलंय. तोच मेसेज मला त्याआधी तीन ग्रुपवर आला होता. त्यातला एक तर आमच्याच फौंड्रीतल्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातल्या, सुपरवायझरने टाकला होता. तेव्हा सोडून दिला. आता घरापर्यंत आलाय, तर उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. फौंड्री, गूळ आणि चपला यांत अडकल्यामुळे कोल्हापूर मागे पडलं. स्पेनमधल्या बिल्बाओ शहराने पोलादाच्या भट्ट्या बंद केल्या, एक म्युझियम बांधलं आणि ते श्रीमंत झालं. युरोपात सरकार प्रत्येक प्रदेशाला एकेक धंदा नेमून देतं, त्याला 'स्मार्ट स्पेशलायझेशन' म्हणतात. कोल्हापूरलाही असा एकच धंदा ठरवून द्यावा आणि तो आयटी असावा. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की फौंड्री तशाही संपणारच आहेत. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरात: "मुलांना लोखंडात घालू नका."

आधी बिल्बाओ, कारण सगळा मेसेज त्याच एका गोष्टीवर उभा आहे आणि ती गोष्टच खोटी आहे.

बिल्बाओ हे बास्क प्रांतातलं शहर. नेर्व्हिऑन नदीच्या काठाने तिथे पोलाद आणि जहाजबांधणीचे कारखाने होते. १९८०च्या दशकात ते कोसळले आणि बेकारी भयंकर वाढली, हे खरं. 'आल्तोस ओर्नोस दे बिस्काया' ही १९०२ साली उभी राहिलेली जुनी पोलाद कंपनी १९९६ साली बंद झाली आणि १९९७च्या ऑक्टोबरात गुगेनहाइम म्युझियम उघडलं, हेही खरं. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मेसेज लिहिणाऱ्याची गोष्ट तयार होते. मधलं सगळं त्याने गाळलंय.

जिथे जुन्या भट्ट्या होत्या त्याच सेस्ताओमध्ये विजेच्या भट्टीवर चालणारा आटोपशीर पोलाद कारखाना उभा राहिला. म्हणजे पोलाद गेलं नाही, ते वितळवायची रीत बदलली. म्युझियमची पायाभरणी होण्याआधीच, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, बास्क सरकारने क्लस्टरचं धोरण घेतलं होतं. एका धंद्यातले कारखानदार, त्यांना माल पुरवणारे आणि संशोधन करणारे यांना एका टेबलाशी बसवायचं, असं ते धोरण. त्यातलं ठळक क्लस्टर मशीन टूल्सचं, म्हणजे लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग मशिन बनवणाऱ्यांचं. एल्गोइबार हे त्या धंद्याचं गाव, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. मशीन टूल शिकवणारी संस्था त्या गावातच आहे. बिल्बाओला दर दोन वर्षांनी मशीन टूलचं मोठं प्रदर्शन भरतं. आणि जे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो ते हे: दुरांगो नावाच्या बास्क गावात अझ्तेर्लान ही धातुशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तिचं मुख्य काम फौंड्रीसाठी आहे. कास्टिंगमधल्या, म्हणजे ओतलेल्या भागातल्या, पोकळ्या, धातूचा कस, साच्यातलं भरण, हेच विषय.

पुढे युरोपीय संघाने प्रत्येक प्रदेशाकडे स्मार्ट स्पेशलायझेशनचा आराखडा मागितला, तेव्हा बास्क सरकारने तीन मुख्य विषय लिहून दिले: प्रगत उत्पादन, ऊर्जा, आणि जीवविज्ञान व आरोग्य. पहिला विषय पुन्हा वाचा. आजही त्या प्रांताच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा उद्योगातून येतो. म्युझियम सुंदर आहे, त्याने शहराला नाव दिलं, पर्यटक आणले. पण त्याच काळात मेट्रो सुरू झाली, नदी साफ झाली, बंदर शहरातून समुद्राकडे हललं आणि डोंगरातल्या गावांत मशिनी बनत राहिल्या. कारखानदारीच्या जिवावर सावरलेल्या प्रांताचं नाव घेऊन कारखानदारी सोडा म्हणून सांगायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आता सरकार धंदा नेमून देतं या दाव्याकडे. स्मार्ट स्पेशलायझेशनची कल्पना डॉमिनिक फोरे, पॉल डेव्हिड आणि ब्रॉन्विन हॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली एका छोट्या टिपणात मांडली. टिपण मूळ स्वरूपात वाचायला मिळतं, अर्ध्या तासात वाचून होतं. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं केलं असतं तर पुढचं लिहिलंच नसतं. त्या टिपणाचा सगळा भर याच्या उलट गोष्टीवर आहे. वरून कोणी धंदा ठरवू नये. आपल्या भागाला काय चांगलं जमेल हे धंद्यातली माणसं करून बघून शोधतात, सरकारने तो शोध ओळखावा आणि त्याला बळ द्यावं. आणि दुसरा मुद्दा तर थेट आपल्यासाठी लिहिल्यासारखा आहे. नवं तंत्रज्ञान शोधण्यात सगळ्यांनी पुढे धावायची गरज नाही. जे प्रदेश त्या शर्यतीत पहिले नाहीत, त्यांनी ते तंत्रज्ञान आपल्या हातातल्या धंद्याला लावावं. उदाहरणं कसली दिलीत? वाइन, मासेमारी, चीज, ऑलिव्ह तेल. या धंद्यांत नॅनोतंत्रज्ञान कसं वापरता येईल याची. चीज बंद करा आणि नॅनोतंत्रज्ञानाचं पार्क बांधा, असं त्यात कुठेही नाही.

युरोपात हे सगळीकडे नीट झालं असं मी म्हणणार नाही. २०१४ ते २०२० या काळात एकशेवीसहून जास्त आराखडे झाले आणि त्यामागे ४० अब्ज युरोहून अधिक निधी लागला. नंतर अभ्यासकांनी ते आराखडे तपासले. अनेक प्रदेशांनी ढीगभर विषय निवडले होते, आपल्याकडे काय आहे याच्याशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, आणि कित्येकांनी शेजाऱ्याचंच उचललं होतं. हिंजवडीला आहे म्हणून आम्हालाही द्या, ही मागणी त्याच जातीची आहे.

फौंड्री म्हणजे जुनाट काम, या मेसेजमधल्या सुरावर मात्र मी थांबणार आहे, कारण तेवीस वर्षं मी त्याच कामात आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे पंपाच्या केसिंगचा एक जॉब सारखा रिजेक्ट होत होता. फ्लँजच्या जोडावर आतून पोकळी निघायची, मशिनिंग झाल्यावरच दिसायची, म्हणजे धातू, वीज, मजुरी सगळं करून माल भंगारात. आमच्याकडे एक जुने मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे बनवणारे, आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. ते सकाळी आल्या आल्या वाळू मुठीत दाबतात, मग गोळा मधोमध मोडतात आणि मोडलेली कड बघतात. कड धारदार राहिली तर पाणी बरोबर, तळहाताला चिकटली तर जास्त, भुगा झाला तर कमी. मागून लॅबचा रिपोर्ट येतो आणि बहुतेक वेळा नानांनी सांगितलेलंच त्यात असतं. पण ही पोकळी वाळूची नव्हती. आमच्याकडे इचलकरंजीची एक मुलगी सिम्युलेशन बघते. तिने कॉम्प्युटरवर तो साचा भरून दाखवला: तीन भिंती जिथे मिळतात तिथला धातू सगळ्यात शेवटी थिजत होता आणि रायझर, म्हणजे थिजताना कमी पडणारा धातू पुरवायला साच्यात ठेवलेला जास्तीचा साठा, त्याच्या आधीच थिजून बसत होता. नाना पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तिथं चिल लाव की." चिल म्हणजे साच्यात त्या जागी ठेवायचा लोखंडाचा तुकडा, तो उष्णता ओढून घेतो. तिने चिल टाकून पुन्हा चालवलं, रायझर थोडा सरकवला, आणि पुढच्या लॉटमध्ये त्या जोडावर पोकळी निघाली नाही.

त्या मुलीचा डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे. नाना सातवी शिकलेत. त्या दोघांनी मिळून जे केलं तेच स्मार्ट स्पेशलायझेशन. नुसत्या सॉफ्टवेअरवाल्याला चिल सुचला नसता आणि नुसत्या नानांना भिंतीच्या आतलं दिसलं नसतं.

आणि हे इथे आज सुरू झालेलं नाही. ऊस पिकला म्हणून गुऱ्हाळं आली, नदीचं पाणी वर चढवायला ऑइल इंजिनं आली, ती बिघडली म्हणून दुरुस्ती आली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग येईनासे झाले तेव्हा इथल्या मिस्त्र्यांनी ते ओतायला घेतले. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार या पिढीला कोणी धंदा नेमून दिला नव्हता. आज कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पट्ट्यात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत, त्या पायावर उभ्या आहेत.

इलेक्ट्रिक गाड्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे इलेक्ट्रिक गाडीत नसतं. आमच्यातले जे फक्त तेवढंच ओततात त्यांनी अजून दुसरं काही शोधलं नसेल तर त्यांची वेळ कठीण आहे, आणि बऱ्याच मालकांना हे बोललेलं आवडत नाही. पण ब्रेक ड्रम, व्हील हब, ॲक्सल हाउसिंग, सस्पेन्शनचे भाग इलेक्ट्रिक गाडीलाही लागतात. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, कॉम्प्रेसर यांचा इंजिनाच्या त्या भांडणाशी संबंधच नाही. कुठल्या कास्टिंगकडे वळायचं हे शोधायला आपल्याला दुरांगोसारखी संस्था हवी. त्याची मागणी करणारा मेसेज मला अजून आलेला नाही.

आयटीला माझा विरोध नाही. शेंडा पार्कात आयटी पार्क व्हावा, जरूर व्हावा. पोरं पुण्याला जातात आणि दिवाळीलाच दिसतात हे दुःख माझ्याही घरात आहे. आणि फौंड्रीतली धूळ, उष्णता, कंत्राटी पगार यांमुळे आईबाप घाबरतात, तर त्यांचं चुकत नाही. ते मालकांनी सुधारायलाच हवं. पण नुसती इमारत बांधली की कंपन्या येतात असं नाही. शेजारी शिकवणारं कोणीतरी आणि काम देणारं कोणीतरी लागतं. इथे काम देणारे तीनशे कारखाने आधीच दारात उभे आहेत.

'एक जिल्हा एक उत्पादन' ही सरकारी योजना म्हणजेच स्मार्ट स्पेशलायझेशन असंही मेसेजमध्ये लिहिलंय. नाही. त्या योजनेच्या कल्पनेचं मूळ जपानच्या ओइता प्रांतात १९७९ साली सुरू झालेल्या 'एक गाव एक उत्पादन' चळवळीत आहे. ती योजना वस्तू निवडते, स्मार्ट स्पेशलायझेशनची कल्पना त्या वस्तूमागचं ज्ञान वाढवण्याची आहे. गुळाला २०१४ साली आणि चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. चपलेचं तर महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना आहे. पण २०२५ साली मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसलीच चप्पल दाखवली तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा नव्हतं. कागद हातात असणं आणि धंदा हातात असणं यांत एवढं अंतर आहे, ते कातडं कमावण्यात आणि डिझाइनमध्ये नवी माणसं आल्याशिवाय मिटणार नाही.

राहिली ती ठळक अक्षरातली ओळ. बाकी चुका मी सोडून दिल्या असत्या, ही सोडणार नाही. पंधरा वर्षांच्या पोराला ज्यात रस आहे, ज्यासाठी तो सुट्टीत जुनी मोटर उघडून बसतो, त्याची त्याला लाज वाटायला लावणारी ती ओळ आहे. कोणी लिहिली माहीत नाही. लिहिणाऱ्याने मोल्डिंगच्या लाइनवर एक शिफ्ट काढली असेल असं मला वाटत नाही.

बहिणीला मी कळवलंय की फॉर्म शनिवारनंतर भरू. शनिवारी पोराला सकाळी सातला शिरोलीच्या गेटवर पाठव, पायात बूट हवेत, सँडल चालणार नाहीत. आधी त्याला नानांकडे वाळू बघायला उभा करणार आहे, मग त्या मुलीच्या टेबलाशी. दुपारचा डबा मी दोघांचा आणतो. त्यानंतर त्याला कॉम्प्युटर घ्यावंसं वाटलं तर फॉर्मवर कॉम्प्युटर लिहू, मी एक शब्द बोलणार नाही.