कुत्र्याच्या बादलीत फवारणीचं औषध, म्हणे घरगुती उपाय!

परवा घरी गेलो तर वहिनी अंगणात बादलीत काही ढवळत होत्या. बाजूला मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची जुनी बाटली.

"वहिनी, हे काय करून राहिल्या?"

"बोंड्याले गोचिड झाले ना भाऊजी. ग्रुपवर आलं हाय, दोन झाकणं टाका अन् बुचकळा म्हणते."

बोंड्या म्हणजे आमचं पांढरंशुभ्र झुपकेदार कुत्रं. गाव त्याला पामेरियन म्हणतं, खरं तर तो इंडियन स्पिट्झ. आणि तो मेसेज म्हणजे 'पांढऱ्या केसाळ कुत्र्यासाठी पाच घरगुती उपाय': फवारणीचं औषध, उन्हाळ्यात टक्कल, शेवटच्या पाण्यात नीळ, डोळ्याखालच्या डागांना लिंबू आणि अंघोळीआधी विंचरणं. घराघरात फिरून राहिला आहे.

पहिला उपाय वाचूनच डोकं फिरलं. बाटलीवर लाल त्रिकोण आहे, म्हणजे अतिशय विषारी; तो शोभेसाठी छापलेला नाही. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी औषध प्यायलं नव्हतं; ते अंगावर उडालं, श्वासातून गेलं. इथं तर पाच-सहा किलोचा जीव त्यात बुचकळायचा! वरून त्याच्या अंगावर दाट केस, त्यात औषध धरून राहणार, आणि तो दिवसभर अंग चाटणार. हे विष नसांचे संदेश थांबवणाऱ्या एन्झाइमलाच अडकवतं, त्यामुळे संदेश थांबतच नाहीत. मर्कचा पशुवैद्यकीय ग्रंथ जगभरचे डॉक्टर वापरतात. त्यात जनावरांतली लक्षणं दिली आहेत: लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे, अंग थरथरणे, श्वास कोंडणे. उतारा ॲट्रोपिनचा, तोही डॉक्टरच्या हातून. कोणी हा उपाय करून बसला असेल तर हातमोजे घालून कुत्र्याला साबण-पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

"पण डॉक्टरचं गोचिडाचं औषधही कीटकनाशकच ना?" भाऊ म्हणाला. हो बाप्पा, आहे. अमित्राज, डेल्टामेथ्रिन ही त्याच दुकानातली मंडळी. पण तिथं डॉक्टर वजन पाहून मात्रा ठरवतो. झाकणाने मोजत नाही. आणि नुसतं कुत्रं धुऊन गोचीड जात नाही. ही गोचिडी अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत, हजारोंनी. आमच्या मातीच्या पडवीत तिला जागेची काय कमी! भेगा लिंपा, त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात टाका.

टक्कल. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, आपल्याला उकडतं म्हणून त्याचे केस उतरवायचे, असं हे गणित. कुत्रं अंगातून आपल्यासारखं घाम काढत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तीच त्याची थंडाई. वरचे लांब केस ऊन अडवतात. ते गेले की खालची गुलाबी कातडी भाजते. शिवाय दुहेरी केसांच्या (वर लांब, खाली मऊ दाट) कुत्र्यांत भादरलेले केस कधी कधी महिनोन्महिने परत येत नाहीत. सावली द्या, पाणी द्या.

नीळ? तो काय धोतर आहे?

लिंबू डोळ्याजवळ नेऊच नका. ते तांबूस डाग अश्रूंतल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचे असतात. ओल्या स्वच्छ कापडाने रोज पुसा. एकाएकी वाढले तर डोळा दाखवा.

राहिला पाचवा उपाय. तो मात्र बरोबर आहे, कबूल करावं लागतं. गुंता ओला झाला की आवळतो, म्हणून आधीच विंचरायचं. आम्ही तेच केलं. वहिनींनी बादली झाकून ठेवली आणि बोंड्याला मांडीवर घेतलं. कानामागून तीन गोखरू निघाले, पंजाच्या बोटांत रुतलेलं एक कुसळ, आणि चिमट्याने काढलेल्या सात गोचिड्या.