मागचं पांढरं तेवढं काढ

गणपती तोंडावर आले की इंदुरात दोन मागण्या हमखास येतात. एक वर्गणीची. ती देऊन मोकळं होता येतं. दुसरी मोबाइलवर येते: "अरे, हा नाचणारा उंदीर बघ. कसा गोड आहे! याच्या मागचं पांढरं तेवढं काढ आणि राजवाडा टाक. तुला काय, दोन मिनिटांचं काम." राजवाडा म्हणजे इंदुरातला होळकरांचा जुना वाडा.

मागणाऱ्या काकांना मी दोष देत नाही. त्यांचा जन्म अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे गाड्यांवरचे देखावे, बघण्यात गेला. हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल. गाडीवर मोटरच्या जोरावर मान हलवणारा राक्षस आणि त्याच्या मागे रंगवलेला पडदा. पडदा काढून दुसरा ठोकला तरी राक्षसाची मान हलतच राहते. काकांना वाटतं, उंदराच्या मागेही असाच एक पांढरा पडदा असणार.

पण हा उंदीर म्हणजे जिफ, हलत्या चित्राची फाइल. जिफमध्ये मागे काही नसतंच. उंदीर आणि पांढरा रंग एकाच पाटावर, रांगोळीच्या रंगांसारखे शेजारी शेजारी बसलेले. पांढरं उचललं की तिथे नुसतं भोक पडतं. आणि अशा रांगोळ्या, म्हणजे फ्रेम, एक नाही, चोवीस; त्या भराभर बदलतात म्हणून उंदीर नाचतो. (जिफ की गिफ, याचा निकाल खुद्द कर्ता स्टीव्ह विल्हाइट यांनी २०१३ मध्ये 'जिफ' असा दिला होता. काका 'जीएफ' म्हणतात आणि काकू चष्म्यावरून बघतात.)

हा प्रकार १९८७ चा. पारदर्शकता त्याला १९८९ च्या सुधारणेत मिळाली, तीही एकादशीच्या उपासासारखी: एक तर पूर्ण, नाही तर नाहीच. ठिपका दिसेल किंवा दिसणार नाही. अर्धवट दिसण्याची सोय नाही. आणि एका फ्रेमला रंग फार तर २५६. हे दोन नियम लक्षात ठेवा, पुढची सगळी रड यातूनच निघते.

फाइल गिंपमध्ये, म्हणजे चित्रं दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली की पहिला धक्का. तिथे प्रत्येक फ्रेमचा एक लेयर होतो. पहिल्या लेयरवर अख्खा उंदीर, दुसऱ्यावर नुसता एक कान, तिसऱ्यावर अर्धी शेपटी. फाइल बिघडलेली नाही. जागा वाचवायला प्रत्येक फ्रेममध्ये फक्त बदललेला तुकडा ठेवलेला असतो. अशा तुकड्यांवर कात्री चालवली की आधीच्या फ्रेमचे कान मागे उरतात आणि उंदराला रावणासारखी डोकी फुटतात. म्हणून आधी फिल्टर्स, त्यात अ‍ॅनिमेशन, त्यात अनऑप्टिमाइझ. मग प्रत्येक लेयरवर पूर्ण उंदीर येतो. लगेच इमेजचा मोड आरजीबी करायचा, म्हणजे काम करताना २५६ रंगांची अट सुटते. आणि प्रत्येक लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची सोय, आहे ना, हे बघायचं. तो नसेल तर डिलीट दाबल्यावर खोडलेल्या जागी बॅकग्राउंडचा रंग भरतो, आणि तो मुळात पांढरा असतो. म्हणजे पांढरं काढून पांढरंच भरायचं. सरकारी रस्त्याच्या डागडुजीसारखं हे काम पुष्कळ वेळ चालू शकतं.

आता खोडायचं. 'सिलेक्ट बाय कलर'ने पांढऱ्यावर टिचकी मारली की पांढरं सगळं जातं: पार्श्वभूमी जाते, दात जातात, डोळे जातात आणि हातातला मोदकही जातो. उंदराच्या डोळ्यांतून आरपार राजवाडा दिसतो. श्रद्धाळू मंडळींना हे आवडूही शकेल, पण मोदकाशिवाय गणपतीचा उंदीर चालत नाही. त्यापेक्षा फझी सिलेक्ट बरं. ते टिचकी मारलेल्या जागेला लागून असलेलं पांढरंच धरतं. फक्त कंबरेवर हात ठेवल्यावर जो त्रिकोण होतो तो आणि शेपटीच्या वेटोळ्यातली जागा वेगळी निवडावी लागते, शिफ्ट दाबून. शिवाय मोदकाची काळी रेघ कुठे एका ठिपक्याएवढी जरी तुटली असेल, तर तिथून सिलेक्शन आत शिरतं आणि मोदक खाऊन बाहेर पडतं.

थ्रेशोल्ड, म्हणजे रंगात किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, मुळात १५ असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या उंदराला तो पुरत नाही, कारण तिथे जिफचा व्हिडिओ होतो आणि कडेभोवती मळकट ठिपके साचतात. डोळ्याला पांढरं दिसतं, पण आकड्यात शुद्ध पांढऱ्याच्या २५५ च्या जागी २४० नाही तर २३५ असतं. २५-३० पर्यंत न्या. त्यापुढे गेलात तर उंदराचं फिकट पोट गळायला लागतं.

मग येते किनार. मूळ चित्रकाराने कडा मऊ दिसावी म्हणून राखाडी आणि पांढऱ्याच्या मधल्या छटा भरलेल्या असतात. पांढऱ्यावर त्या दिसत नाहीत. राजवाड्याच्या काळपट लाकडावर ठेवल्या की उंदराभोवती पांढरी झालर उठते, जणू लोकरीची बंडी घातली आहे. सिलेक्शन एक पिक्सेल वाढवून खोडलं तर झालर जाते आणि मिशाही जातात. 'कलर टू अल्फा' वापरून पांढरं शोषून घेतलं तर राखाडी उंदीरच भुतासारखा विरळ होतो, कारण राखाडीतही पांढरं आहेच. मधला मार्ग असा: उंदराची निवड करून 'बॉर्डर'ने दोन पिक्सेलची कडा घ्यायची आणि कलर टू अल्फा तेवढ्या कडेवरच चालवायचं. चोवीस वेळा. आपोआप बॅकग्राउंड काढणारी साधनंही आहेत, पण पुष्कळशी प्रत्येक फ्रेमचा विचार स्वतंत्र करतात. सातव्या फ्रेममध्ये कान असतो, आठव्यात नसतो, नवव्यात परत येतो.

राजवाडा टाकताना तर बहुतेक जण हमखास आपटतात. सोपा विचार असा की राजवाड्याचा एकच लेयर तळाशी ठेवू आणि वर उंदीर नाचू दे. पण गिंपसाठी तो तळाचा लेयर म्हणजे पहिली फ्रेम. एक्स्पोर्ट करताना 'रिप्लेस' निवडलं तर राजवाडा क्षणभर चमकून जातो आणि उंदीर पुन्हा अधांतरी नाचतो. 'कम्बाइन' निवडलं तर राजवाडा राहतो, पण आधीचे सगळे उंदीरही राहतात आणि दोन सेकंदांत राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक, जमते. तिसरी एक पद्धत आहे, फ्रेम संपली की आधीचं दृश्य परत आणणारी. गिफसिकल आणि इमेजमॅजिक या दुसऱ्या प्रोग्रॅमांना ती येते; गिंपच्या एक्स्पोर्टमध्ये मिळत नाही. म्हणून राजवाड्याच्या चोवीस प्रती करायच्या, एकेक उंदराखाली सरकवायची आणि 'मर्ज डाउन' करायचं, म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळायचा. या गडबडीत लेयरच्या नावातला वेळ, म्हणजे कंसातले ८० मिलिसेकंद, हरवतो. मग गिंप आपले १०० लावतं आणि उंदीर विसर्जनाच्या पहाटे नाचावा तसा नाचतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत ८० लिहून 'सगळ्या फ्रेमना हाच वेळ' या अर्थाच्या चौकोनात खूण करा.

फोटोबद्दलही बोलायला हवं. राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, आणि सगळीकडे खिडक्या. जिफ पुन्हा पुन्हा येणारे ठिपक्यांचे क्रम ओळखून जागा वाचवते. कोऱ्या पांढऱ्यात तिची चैन असते, या खिडक्यांत तिचा जीव जातो. ४८० गुणिले ४८० च्या चोवीस फ्रेम म्हणजे ५५ लाखांवर ठिपके. शिवाय २५६ रंगांतले बहुतेक तपकिरी राजवाडाच बळकावतो आणि मोदकाला कावीळ होते. फोटोला दोन-तीन पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. रंग कमी लागतात, उंदीरही उठून दिसतो. शेवटी इंडेक्स्ड करताना, म्हणजे चित्र परत २५६ रंगांत बसवताना, फ्लॉइड-स्टाइनबर्ग डिदरिंग (नसलेली छटा ठिपके मिसळून भासवायची एक रीत) मात्र घेऊ नका. ते चुकलेला रंग शेजारच्या ठिपक्यांवर ढकलत जातं, त्यामुळे उंदीर हलला की भोवतीचे ठिपके दर फ्रेमला वेगळे पडतात आणि राजवाड्याच्या भिंतीवर मुंग्या चढताना दिसतात. 'पोझिशन्ड' घ्या, मुंग्या जागच्या जागी बसतात.

स्टिकरच हवा असेल तर हा सगळा खटाटोप वेगळ्या रस्त्याने करावा. व्हॉट्सअॅपच्या स्टिकरला वेबपी नावाची फाइल चालते, ५१२ गुणिले ५१२, ५०० केबीच्या आत, आणि त्यात कडा अर्धपारदर्शक राहू शकते. पण स्टिकरला राजवाडा लागत नाही, आणि काकांना तर राजवाडाच हवा असतो.

एक काम मात्र मर्ज डाउन करण्याआधीच उरकायचं: कापलेल्या चोवीस उंदरांची फाइल एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची लेयर जपणारी फाइल, म्हणून वेगळ्या नावाने ठेवायची. कारण राजवाडा ग्रुपवर पडला की पाच मिनिटांत काकूंचा निरोप येतो, "छानच झालंय हो. पण गणपतीचा उंदीर ना, मग मागे खजराना गणपतीचं देऊळ नको का?"