गुंठा कायदेशीर झाला, रस्त्याचं काय?

पाऊस लागला की आमच्या गल्लीत सिलिंडरची गाडी येत नाही. पोरगा कोपऱ्यावरूनच फोन करतो, "दादा, इथनं घेऊन जावा." मग मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडतो, सिलिंडर खांद्यावर टाकतो आणि निघतो. सांगलीची काळी माती ज्यानं तुडवलीय त्याला पुढचं सांगायला नको. पाय पुढं येतो, चप्पल मागंच राहते.

आणि व्हॉट्सअॅपवर पेढे वाटणं चाललंय, एक गुंठाही कायदेशीर झाला म्हणून. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. 1947 चा तुकडेबंदी कायदा, म्हणजे ठरावीक आकाराहून लहान तुकडा विकायला बंदी, शेताच्या चिंध्या होऊ नयेत म्हणून आला. शहराच्या कडेला मात्र माणसं गुंठा घेतच राहिली, घरं बांधत राहिली, फक्त दस्त होत नव्हता. आमच्या आबांनीही दोन गुंठे स्टॅम्पवरच घेतले. 2001 ला गुंठेवारी कायदा आला, त्या वर्षीच्या 1 जानेवारीपर्यंतचे प्लॉट नियमित करायला. 2021 ला तीच तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकली. तुकडेबंदी मोडून घेतलेली जागा नियमित करायचा दंड 2024 मध्ये रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, 25 टक्क्यांवरून 5 वर आला, 2025 मध्ये तोही माफ. दर वेळी कागद सुधारला. चिखल होता तिथंच आहे.

कारण साधं आहे, हिशेब करून बघा. मंजूर लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडायच्या सरकारमान्य नकाशाला, आतला रस्ता 9 मीटर लागतो, म्हणजे जवळपास 30 फूट. 200 फूट लांबीच्या बोळाला 6,000 चौरस फूट गेले. तोच बोळ 12 फुटी ठेवला तर जातात 2,400. वाचले 3,600, म्हणजे तीन गुंठ्यांहून जास्त. एकराच्या लेआउटमध्ये 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, ती न सोडता आणखी चार गुंठे. एका एकरात सात गुंठे! आमचा प्लॉट पाडणारा काही वेडा नव्हता. ओढ्याची कडसुद्धा त्यानं विकली.

2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45. तो पूर होता, त्यावर बोलायला सगळे येतात. आमच्या दारातलं पाणी नदीचं नाही, नुसत्या पावसाचं आहे. त्याला जायला वाटच ठेवलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्लॉट नियमित करा, जरूर करा, पण शिक्का मारण्याआधी रस्त्याची हद्द मोजून दगड रोवा. जुन्या वस्तीत 30 फूट मागू नका, घरं पाडावी लागतील आणि घर गरिबाचंच पडेल. 20 मिळाले तर 20, नाहीतर 15. पण जे ठरेल ते नकाशावर येऊ दे आणि त्यात एक गटार बसू दे. नवीन प्लॉटिंगला तर सूटच नको. लेआउटला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, रस्ते-गटारी केल्यावर अंतिम, हा नियम आहेच. मुरूम पडलेला दिसल्याशिवाय पहिला दस्त होऊ देऊ नका. प्लॉट महाग होईल, होऊ दे. आम्ही स्वस्तात घेतला आणि गेली पंचवीस वर्षं दर उन्हाळ्यात वर्गणी काढून मुरूम टाकतोय. जुलैत तो मातीच्या पोटात जातो.

आता कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच, तुझं घर कुठाय रस्ता सोडून? नाहीये. आमच्या तीन पायऱ्या आणि तुळशीचा कट्टा बोळातच आहे, अडीच फूट. समोरच्यांचा जिना आहे, पलीकडं बोअरची मोटर. 12 फुटांचे 7 आम्हीच केले.

गवंड्याला रविवारी बोलावलंय पायऱ्या फोडायला. आई दोन दिवस बोलत नाहीये. समोरचे काका म्हणाले, "तू फोड आधी, मग बघू."

अजून बघतायत.