तबली बदलणे आहे

सोलापुरात दुरुस्त होत नाही अशी वस्तू शोधून काढणे अवघड आहे. यंत्रमागाचा गिअर, कूलरचा पंप, वरातीच्या बँडमधला चेपलेला ट्रंपेट, यांपैकी काहीही पिशवीत घालून आपण कोणत्याही पेठेत उभे राहिलो, तर थोड्याच वेळात कोणीतरी ‘दाखवा बघू’ म्हणून हात पुढे करतो. ही परंपरा मोडणारी एकमेव वस्तू माझ्याच घरात, कपाटाच्या वर निजलेली होती. माझ्या गिटारीच्या तबलीला, म्हणजे गोल छिद्र असलेल्या वरच्या पातळ फळीला, घोडीच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, मागे फुगवटा आला होता, घोडीच्या पुढचा भाग गोल छिद्राकडे खचला होता, आणि तारा दांडीपासून इतक्या वर गेल्या होत्या की बाराव्या पडद्यापाशी, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, त्यांच्याखालून पेन्सिल आरपार जात असे. अशा गिटारीवर एक गाणे वाजवल्यानंतर बोटांना हळद लावून बसावे लागते.

या दुखण्यात नवल काही नाही. पोलादी तारांची गिटार सुरात लावली की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो होतो, आणि हा सगळा भार ज्या लाकडावर येतो त्याची जाडी तीन मिलिमीटरही नसते. शिवाय तारा घोडीला सरळ ओढत नाहीत, तर पुढे कलंडवू पाहतात. त्यामुळे घोडीच्या मागची तबली उचलली जाते आणि पुढची दबते. हे होऊ नये म्हणून तबलीच्या आतून लाकडाच्या आधारपट्ट्या चिकटवलेल्या असतात. माझी गिटार ज्या कारागिराने घडवली त्याने पाठ आणि बाजू अस्सल शिसवीच्या लावण्याचा दिलदारपणा दाखवला होता, परंतु तबलीची वेळ येईपर्यंत त्याचा दिलदारपणा संपलेला असावा. वर साधे पाइन आणि आत नुसत्या आडव्या पट्ट्या, एवढ्यावर त्याने सत्तर किलोंची जबाबदारी सोपवली होती. म्हणजे तबली नवी आणि आतली बांधणीही नवी, असे काम निघाले.

हे जाहीर केल्यापासून प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे ‘नवीनच का घेत नाही?’ समोरच्या माणसाच्या योग्यतेप्रमाणे मी वेगवेगळी उत्तरे देत असे. मेहुण्यांना मी शिसवीचे महत्त्व सांगितले. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्यांची अट लागली आणि तयार वाद्यांना तीतून सूट मिळायला २०१९ साल उजाडावे लागले, तेव्हा असले लाकूड टाकून देणारा मनुष्य करंटा होय, असे मी त्यांना ऐकवले. मेहुणे रात्रभर मोबाईल घेऊन बसले आणि सकाळी चहाच्या वेळी त्यांनी आंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराला माझ्यासमोर उभे केले. गिटारीचा आवाज तबलीत असतो, पाठीत आणि बाजूंत नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी या गृहस्थाने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली, आणि ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ‘म्हणजे दाजी, तुम्ही जे ठेवताय त्याला किंमत नाही, आणि ज्याला किंमत आहे ते फेकताय,’ असा निकाल त्यांनी दिला. नात्यातल्या माणसांना इंटरनेट जोडून देऊ नये, या मताचा मी त्या दिवसापासून झालो आहे.

आमच्या जिल्ह्याचा तंतुवाद्यांशी संबंध तसा जवळचा आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानांत पिकणारे भोपळे मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापुरी चादरीला ते आधीच मिळालेले असल्यामुळे आम्ही तक्रार केली नाही, तथापि भोपळा आमचा आहे एवढे नमूद करून ठेवायला हरकत नाही. याच हक्काने मी गिटार एका चादरीत गुंडाळली आणि मंगळवेढा-सांगोलामार्गे एसटीने मिरज गाठली. तिथल्या वयोवृद्ध कारागिरांनी गिटार उलटसुलट करून पाहिली, तबलीवर बोटाच्या पेराने टकटक केली, आरसा आत घालून पट्ट्या न्याहाळल्या आणि विचारले, ‘आमच्या तबलीला आत काही नसतं. तुम्ही एवढ्या काठ्या घालता, मग ती बोलणार कशी?’ त्यांचेही खरे होते. तंबोऱ्याची तबली तूनच्या लाकडाची, कोरून फुगीर केलेली असते, त्या बाकातच तिचे बळ असते आणि वर तारा अवघ्या चार. गिटारीची तबली जवळजवळ सपाट आणि पातळ. त्यांनी काम घेतले नाही, पैसेही घेतले नाहीत. चहा पाजून ‘सरस वापरा, लाकडाला घाई करू नका’ एवढे सांगून मला परत पाठवले.

शेवटी माणूस मिळाला तो आमच्या पूर्व भागातच. मिस्त्रींचे सारे आयुष्य हातमाग उभे करण्यात आणि मोडलेल्या मागांना ताळ्यावर आणण्यात गेलेले होते. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा घडवावा तर त्यांनीच. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि लाकडाशी बोलताना दोन्ही, अशी त्यांची वाटणी होती. गिटार पाहून ते म्हणाले, ‘साहेब, धोटा असता तर संध्याकाळी नेला असता. ह्याचं मला काय माहीत नाही. पण लाकूडच हाय ना?’ एवढ्या आत्मविश्वासाचे उत्तर मला त्यापूर्वी कोणीही दिले नव्हते.

उघडण्याचे काम आमच्या स्वयंपाकघरात झाले, कारण त्याला लागणारी सर्व हत्यारे तिथेच होती. माझ्या गिटारीची दांडी धडात डोव्हटेलच्या, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या, खाचेने बसवलेली होती. ती सोडवायची तर पंधराव्या पडद्याखाली बारीक भोक पाडून आतल्या सांध्यात वाफ सोडावी लागते. वाफेसाठी कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली. जुनी तबली कडेने सुटावी म्हणून तिच्या काठावर इस्त्री फिरवायची आणि तापवलेले उलथणे सांध्यात सारत जायचे. त्या सकाळी सौभाग्यवती स्वयंपाकघरात आल्या तेव्हा कुकर गिटारीला जोडलेला, उलथणे मिस्त्रींच्या हातात आणि इस्त्री माझ्या हातात, असे दृश्य होते. ‘अहो, वरण कशात लावू?’ एवढाच प्रश्न त्यांनी विचारला, परंतु तो ज्या सुरात विचारला त्या सुरात मला आजवर कोणतीही तार लावता आलेली नाही.

नव्या तबलीसाठी मुंबईहून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दोन फळ्या मागवल्या. एकाच लाकडाचा तुकडा मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडला की दोन्ही बाजूंचे रेषे एकमेकांचे प्रतिबिंब होतात, आणि तशाच त्या जोडायच्या असतात. मिस्त्रींनी एक फळी कोपऱ्याला धरून तिच्यावर टिचकी मारली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, ‘कडक भाकरीवाणी वाजतंय की!’ स्प्रूसचे याहून नेमके वर्णन माझ्या वाचनात नाही. पातळ असून ताठ आणि हलके असून खणखणीत, हाच त्या लाकडाचा गुण आहे, आणि त्यासाठीच जगभरचे कारागीर त्याच्या मागे असतात.

मात्र या लाकडाला हवा लागते पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेची, आणि सोलापूरचा मे महिना त्याच्या निम्म्यावर समाधान मानतो. कोरड्या हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, ओल्या हवेत फुगते. आकसलेल्या अवस्थेत जोडलेली तबली पावसाळ्यात फुगून वर येते, आणि फुगलेल्या अवस्थेत जोडलेली उन्हाळ्यात फाटते. बाहेर पारा ४३ वर असताना मी घरातला एकुलता एक कूलर फळ्यांच्या खोलीत नेऊन ठेवला, भिंतीवर आर्द्रतामापक टांगला आणि पोहे मोजायच्या वजनकाट्यावर रोज फळ्यांचे वजन करू लागलो. वजन बदलायचे थांबले की लाकूड हवेला रुळले असे समजायचे. नळाला पाणी काही दिवसांआड येते हे सोलापूरकराला सांगायला नको. त्या साठवलेल्या पाण्यातला मोठा वाटा कूलरमार्फत दोन फळ्यांना जाऊ लागला तेव्हा घरातली मंडळी मला टाळू लागली. आई तर दुपारी मुद्दाम फळ्यांच्या खोलीत जाऊन झोपत असे आणि विचारले तर ‘लाकडावर लक्ष ठेवते’ म्हणून सांगत असे.

सरसाची गोष्ट वेगळीच होती. सरस जनावरांच्या कातड्यापासून होतो, ही माहिती मी घरात दिली नसती. ती मेहुण्यांनी दिली. आषाढी तोंडावर आलेली, पंढरपूर हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या गॅसवर गरम पाण्याच्या भांड्यात सरसाची वाटी! आमची रवानगी तत्काळ मिस्त्रींच्या कारखान्यात झाली. सरस साधारण साठ अंशांवर ठेवायचा, फार तापला तर त्याचे बळ जाते, आणि लावल्यावर मिनिटभरात सांधा बसवला नाही तर तो थिजतो. थंड देशांतले कारागीर यासाठी लाकूड आधी शेकून घेतात म्हणे. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो खर्च वाचला. सांधा जुळला की नाही हे पाहायला दोन्ही फळ्या काठाला काठ लावून उजेडासमोर धरतात. सोलापूरचे ऊन केसाएवढ्या फटीतूनही आत येते, त्यामुळे मिस्त्रींना रंधा पुनःपुन्हा हाती घ्यावा लागला.

खरा वाद पेटला तो आधारपट्ट्यांवरून. आडव्या पट्ट्यांऐवजी मला फुलीची बांधणी हवी होती. जर्मनीतून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या मार्टिन नावाच्या कारागिराने १८४०च्या दशकात ती वापरात आणली. तेव्हा तारा आतड्याच्या असत. पुढे पोलादी तारा आल्या तेव्हा त्यांचा ताण ही फुलीच पेलू शकली. दोन लांब पट्ट्या छिद्राच्या खाली एकमेकींना छेदतात, घोडीच्या दोन टोकांखालून पुढे जातात, आणि मग हातातल्या हत्याराने त्या तासत जायचे असते. ‘ताण सत्तर किलो म्हणता आणि पट्टी तासायला सांगता?’ मिस्त्री ऐकेनात. माग जितका भक्कम तितका चांगला, या न्यायावर त्यांची हयात गेली होती. गिटार भक्कम केली की मुकी होते आणि नाजूक केली की मोडते. मोडण्याच्या अगदी अलीकडे थांबायचे, हीच त्यातली विद्या, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला. शेवटी ते पटले आणि पटाशी अशी चालू लागली की मलाच धडकी भरली. मग मी सांगितले की पट्टीची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, पण उंची निम्मी केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. हे ऐकल्यावर त्यांनी पटाशी खाली ठेवली, तंबाखू मळला आणि बराच वेळ त्या पट्टीकडे नुसते पाहत बसले.

पट्ट्या तबलीवर दाबून धरायला बाहेरचे कारागीर एक खास चौकट वापरतात, ज्यात लवचीक काठ्या वाकवून वरची फळी आणि खालचे काम यांच्यामध्ये अडकवतात. मिस्त्रींकडे एका हातमागाचा सांगाडा रिकामा पडला होता. त्यांनी त्यात खाली किंचित खोलगट पाट ठेवला, त्यावर तबली पालथी घातली, आणि वरच्या तुळईपासून प्रत्येक पट्टीपर्यंत बांबूच्या कामट्या धनुष्याकार वाकवून बसवल्या. ज्या मागावर वर्षानुवर्षे चादरी निघाल्या त्यावर आता गिटार विणली जात होती, आणि हे पाहायला गल्लीतली निम्मी पोरे शेडमध्ये जमली होती. तबलीवर टिचकी मारून नाद ऐकत पट्ट्या तासायच्या, तर शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग काही ऐकू देईनात. म्हणून तिथल्या कामगारांच्या चहाच्या सुट्टीत आम्ही नाद ऐकायचो आणि माग सुरू झाले की तासायचो. तबली धडावर चढवताना कडेच्या अस्तरपट्ट्यांना आमच्या गच्चीवरचे कपड्यांचे झाडून सारे चिमटे लागले, आणि वरून आवळायला पंक्चरवाल्याकडच्या सायकलच्या जुन्या ट्यूबा. लाखेचे पॉलिश मिस्त्रींनी एका बैठकीत, माझा एकही सल्ला न घेता केले. ते सर्वांत सुरेख झाले आहे.

तारा चढवताना आम्ही रोज थोडाथोडा ताण वाढवत नेला. मिस्त्री तबलीवर लोखंडी पट्टी आडवी धरून फुगवटा पाहत आणि ‘हाय तिथंच हाय’ म्हणून मान हलवत. आवाज मोठा आणि मोकळा निघाला. त्या आनंदात मी घरी सांगून टाकले की हे तर काहीच नाही, नवी तबली वाजवत राहिल्यावर वर्षावर्षांनी खुलत जाते असे जाणकार मानतात. सौभाग्यवतींनी ‘किती वर्षं?’ असे विचारले. मी पाच-दहा म्हणालो. त्यानंतर घरात जी बैठक झाली तीत मेहुण्यांना पंच नेमण्यात आले आणि असा तोडगा निघाला की गिटार मिस्त्रींच्या शेडमध्येच ठेवायची, शेजारचे यंत्रमाग चालू असतील तेवढ्याच वेळेत वाजवायची, आणि एखाद्या मागाचा धागा तुटून खटखट थांबली तर तो सांधून होईपर्यंत मीही थांबायचे. शेवटचे कलम मिस्त्रींनी घालायला लावले आहे.