तीन लाख डॉलर, एक मुखवटा आणि माझा भाचा

गणपतीच्या सुट्टीत भाचा मिरजेला आला होता. इंजिनिअरिंग संपवून आता शॉर्ट फिल्म करायची म्हणतोय. कथेत सीरियल किलर आहे (हल्ली प्रत्येकाच्याच कथेत असतो). मित्रांनी वर्गणी काढून दीड लाख जमवलेत, आणि त्याचं रडगाणं एकच: "मामा, दीड लाखात काय हुतंय? धुराचं मशीनच दिवसाला किती खातंय ठाव हाय का? वरनं रक्ताचा मेकअप, ड्रोन..."

यादी ऐकून घेतली आणि रात्री जेवणं झाल्यावर त्याला समोर बसवून जॉन कारपेंटरचा १९७८ चा भयपट 'हॅलोवीन' लावला. मी तो निदान आठ-नऊ वेळा पाहिलाय. सौ. पहिल्या वीस मिनिटांत "तुमचं चालू द्या" म्हणून आत गेल्या, पण पॅसेजमधला दिवा मात्र लावून गेल्या. त्या दिव्याची नोंद घ्या.

आता हिशोब सांगतो, कारण त्या रात्री भाच्यालाही आधी हिशोबच सांगितला. सिनेमाचा खर्च साधारण तीन लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने पंचवीस लाख रुपयांच्या आसपास. हॉलिवूडच्या मानाने चिल्लरच. शूटिंग जेमतेम तीन-चार आठवड्यांचं. कथा घडते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात, ऑक्टोबर अखेरीस, पानगळीच्या दिवसांत. शूटिंग झालं कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडेना भागात, ऐन वसंतात! झाडं हिरवीगार. मग या मंडळींनी कागदी पानांना पिवळा-तांबडा रंग दिला, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की पोत्यात गोळा केली, आणि पुढच्या शॉटला तीच पानं पुन्हा. नीट पाहिलंत तर काही फ्रेममध्ये मागे ताडाची झाडंही दिसतात. इलिनॉयमध्ये ताड! मला पहिल्या तीन वेळा दिसलीच नव्हती. माझी नजर दुसरीकडेच अडकलेली असायची, आणि ती तिथे अडकावी अशीच सोय केलेली आहे.

खुन्याचा मुखवटा तर दोन डॉलरच्या आतला. 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा दुकानातून आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले, पांढरा रंग फवारला. झालं. त्या मुखवट्यामागे बहुतेक वेळ होता निक कॅसल, कारपेंटरचा कॉलेजातला मित्र. त्याला दिवसाला पंचवीस डॉलर. श्रेयनामावलीत त्याच्या पात्राला नावही दिलेलं नाही. 'द शेप' म्हणजे 'आकृती' एवढंच लिहिलंय. नायिका जेमी ली कर्टिस तेव्हा एकोणीस वर्षांची. तिने आपले कपडे साध्या दुकानातून शंभर डॉलरच्या आत विकत आणले. एकच नावाजलेला नट, डोनाल्ड प्लेझन्स, तो परवडला फक्त पाच दिवस. त्याची सगळी कामं त्या पाच दिवसांत कोंबून उरकली.

भाचा म्हणाला, "म्हंजे जुगाड."

मी म्हटलं थांब. पानं, कपडे, मुखवटा, हे जुगाड खरं. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत ही माणसं हटून बसली. पॅनाव्हिजनची रुंद चौकट पाहिजे म्हणजे पाहिजे. डीन कंडी नावाचा छायालेखक, आणि अंगाला बांधून चालता येईल असा, न हिंदकळणारा पॅनाग्लाइड कॅमेरा, त्या काळात अगदी नवीन. मुखवट्याला दोन डॉलर देणारी माणसं भिंगाच्या बाबतीत कंजुषी करत नाहीत, यातच मला त्यांची अक्कल दिसते. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. ड्रोनला पैसे असतात, आवाजाच्या माणसाला नसतात. (हे मी भाच्याला तोंडावर बोललोय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.)

ती रुंद चौकट कशासाठी हवी होती? रिकामी ठेवायला. जेमी ली डाव्या कोपऱ्यात चालतेय, उजवीकडे अर्धा पडदा नुसता मोकळा. कुंपण, कपडे वाळत घातलेली दोरी, समोरचं घर. भर दुपारचं ऊन. अर्धा सिनेमा तर दिवसाउजेडीच घडतो. आणि प्रेक्षक त्या मोकळ्या जागेत त्याला शोधत बसतो. कधी तो कुंपणाआड उभा असतो, कधी नसतो. नसतो तेव्हा जास्त भीती वाटते.

आमचे तबल्याचे गुरुजी म्हणायचे, "खाली ऐकायला शिक, सम कुणालाही कळते." (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, खाली म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली.) मी सहा वर्षं शिकलो आणि नोकरी लागल्यावर सोडलं, ते दुःख वेगळं. पण या सिनेमाचं संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपोआप मांडीवर गेला आणि मात्रा मोजायला लागला. दहा भरल्या. म्हटलं, झपताल की काय! तसा नाही. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. कारपेंटरच्या पियानोवर तीन-तीन-दोन-दोन पडतात. दोन पावलं लांब टाकली, मग दोन आखूड टाकली की जसं अडखळायला होतं, तसं. पाश्चात्त्य हिशोबाने हा पाच-चारचा ठेका, म्हणजे पाच ठोके, प्रत्येकात आपल्या दोन मात्रा. कारपेंटरचे वडील संगीताचे प्राध्यापक. लहानपणी बोंगोवर त्यांनीच त्याला हा शिकवलेला. सरळ चारच्या ठेक्यात कान निवांत बसतो. इथे प्रत्येक आवर्तनाला तो किंचित घसरतो. अख्खं संगीत कारपेंटरने स्वतः केलं, तीनेक दिवसांत, कारण संगीतकाराला द्यायला पैसेच नव्हते.

त्याने स्वतः सांगितलेली एक गोष्ट आहे. संगीत घालायच्या आधी एका मोठ्या स्टुडिओतल्या बाईंना त्याने सिनेमा दाखवला, तर त्यांना जराही भीती वाटली नाही. पुढे संगीतासकट पाहिल्यावर मत बदललं. मी भाच्याला एक प्रसंग आवाज बंद करून दाखवला. खरंच, एक मनुष्य मुखवटा घालून लॉनवर उभा, बस्स. रोजंदारीचा गडी कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं.

रक्ताचं म्हणाल तर जवळजवळ नाहीच. दीड तासात पाच माणसं मरतात, त्यातला एक खून तर पडद्यावर दाखवतही नाहीत, नुसतं प्रेत दिसतं. हल्लीच्या मालिकांमध्ये एवढी माणसं श्रेयनामावली संपायच्या आत जातात.

आणि कारण? कारण काहीच नाही. सहा वर्षांचा मायकेल मायर्स १९६३ च्या हॅलोवीनच्या (३१ ऑक्टोबरच्या, भुताखेतांची सोंगं घेण्याच्या सणाच्या) रात्री सख्ख्या मोठ्या बहिणीला भोसकतो. पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून पळून परत गावात येतो. का मारलं? का परत आला? डॉक्टर सांगतो की हा मूर्तिमंत दुष्टपणा आहे, बाकी स्पष्टीकरण शून्य. मला ही जागा फार मोलाची वाटते, आणि पुढच्या भागांनी तिची माती केली असं माझं स्पष्ट मत आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागात म्हणे नायिका ही त्याची धाकटी बहीण. घ्या! म्हणजे आता घरगुती भांडण झालं. अंधारात उभ्या असलेल्या आकृतीला रेशनकार्ड काढून दिलं यांनी.

इथे भाचा तावातावाने म्हणाला, "पन मामा, खऱ्या किलरला कारण असतंयच की." त्याचा मुद्दा बरोबर आहे. आमचे थोरले काका साठच्या दशकात मुंबईत उपनगरात राहायचे. रमण राघव या खुन्याच्या दिवसांत उकाड्यातही खिडक्या लावून झोपायचो, असं ते सांगत. तो माणूस खरा होता. ऑगस्ट १९६८ मध्ये अ‍ॅलेक्स फियालो या सब-इन्स्पेक्टरने त्याला ओळखून धरलं, तपास रमाकांत कुलकर्णींच्या हाताखाली चालला. तो गंभीर मनोरुग्ण होता. फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ साली पुण्यात ससूनमध्ये तो वारला. त्याने मारलेली बहुतेक माणसं फुटपाथवर नाहीतर झोपडीत झोपलेली. ज्यांना लावायला खिडकीच नव्हती ती.

म्हणून मी त्याला म्हटलं, खऱ्या खुन्यावर करायचं असेल तर कारण टाळता येणार नाही, आणि मेलेल्यांना नाव-गाव द्यावंच लागेल. श्रीराम राघवनने १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन रमण राघववर कमी पैशांत फिल्म केली, ती जरूर बघ, वाट वेगळी आहे. पण तुझा खुनी तू रचलेला आहेस. त्याला दारुडा बाप, शाळेतला छळ आणि पावसात मेलेलं कुत्रं चिकटवू नकोस. तुझ्या स्क्रिप्टची पहिली सात पानं तेवढ्यातच गेलीत.

तो गप्प झाला. रागावला असावा.

'हॅलोवीन'मध्ये दोष नाहीत असं नाही. मैत्रिणींचे संवाद कंटाळवाणे आहेत. सहाव्या वर्षापासून कोंडलेला माणूस मोटार कुठे शिकला, हा प्रश्न तर सिनेमातलंच पात्र विचारतं आणि उत्तर कुणी देत नाही. मजा करणाऱ्या मुली मरतात, अभ्यासू मुलगी वाचते, ही तक्रारही जुनी आहे. कारपेंटरने तसा हेतू नसल्याचं सांगितलंय. मला वाटतं, नकलाकारांनी त्याचा नियम करून टाकला, पण बी इथलंच.

तरी एका शॉटसाठी मी हे सगळं माफ करतो. शेवटाकडे जेमी ली मैत्रिणींची प्रेतं पाहून खोलीबाहेर येते, भिंतीला टेकून हुंदके देते. तिच्या शेजारी एक उघडं दार, आत मिट्ट काळोख. आणि त्या काळोखातून हळूहळू, अगदी हळूहळू, पांढरा मुखवटा उमटायला लागतो. कुणी पुढे आलेलं नाही. तो आधीपासून तिथेच उभा होता, आपल्याला दिसत नव्हता एवढंच. हे कसं केलं? कंडीने मुखवट्याच्या जवळ एक छोटा दिवा ठेवला आणि डिमरने त्याचा प्रकाश सावकाश वाढवत नेला. एक दिवा, एक बटण. भाच्याने तो शॉट पाच वेळा मागे नेऊन पाहिला. पाचव्या वेळी त्याला खुन्यापेक्षा ते बटण फिरवणाऱ्या हाताचंच जास्त कौतुक वाटलं असणार.

शेवट तर बिनपैशाचाच. (इतक्या वर्षांनी स्पॉयलर म्हणून ओरडू नका.) सहा गोळ्या खाऊन खाली पडलेला माणूस हिरवळीवरून नाहीसा होतो. मग एकेक रिकामी जागा दाखवली जाते: कोच, जिना, बोळ, बाहेरून घरं. कुठेही माणूस नाही, आणि प्रत्येक चित्रावर त्याचा श्वासोच्छ्वास. घरं तर आधीच हाताशी होती!

सिनेमा संपला तेव्हा पावणेएक वाजला होता. भाचा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, आणि पॅसेजमधला दिवा चालू असूनही मोबाईलची बॅटरी लावून गेला.

परवा त्याचा फोन आला. धुराच्या मशीनचं बुकिंग रद्द केलंय. "मामा, पंख्याचा जुना रेग्युलेटर असंल का तुमच्यात? त्यो गोल फिरवायचा? आन् साठचा पिवळा बल्ब?" रेग्युलेटर माळ्यावर सापडला. बल्बसाठी मार्केटात चार दुकानं हिंडलो, सगळीकडे एलईडी. शेवटी पाचव्या दुकानदाराने आतून धुळीने माखलेला खोका आणला आणि विचारलं, "काय ओ, कोंबड्या पाळल्यात काय?"

मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तासभर तिथेच गेला असता.